पन्नाशीच्या तोंडावर लांब पल्ल्याचा ट्रक : शिकायचं काय, जपायचं काय?

नवचालक४९

वय ४९. कार आणि पिकअप चालवण्याचा भरपूर सराव आहे, पण हवेच्या ब्रेकची गाडी कधी हातात घेतलेली नाही. पुढची दहा-बारा वर्षं लांब पल्ल्याची मालवाहतूक हेच काम करायचं ठरवलं आहे. आधी साधा ट्रक, जमलं तर ट्रेलर. रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे आणि जवळचं वाचायला चष्मा लागतो.

शिकताना कशावर जास्त वेळ घालवावा? या वयात शरीराचं काय काय आधी तपासून घ्यावं? आणि पहिलं वर्ष कोणत्या कामात काढावं, नोकरीत की थेट स्वतःच्या गाडीवर? माहीतगारांनी बारकाव्यांसकट सांगावं.

यार्डमास्तर

वयाची काळजी सोडा, हेवी गाडी शिकायला ४९ हे काही उशिराचं वय नाही. उलट या वयातला माणूस घाई कमी करतो आणि या कामात त्याचा फायदाच होतो. अडचण कारच्या सवयींची येते: नजर जवळ ठेवणं, ब्रेक उशिरा मारणं आणि वळताना फक्त पुढच्या चाकांचा विचार करणं.

नजरेपासून सुरुवात करा. निदान १२ ते १५ सेकंद पुढचा रस्ता दिसत राहिला पाहिजे, म्हणजे ताशी ८० किमीला साधारण ३०० मीटर. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचा एक जुना हिशेब आहे: आपल्या गाडीच्या लांबीच्या दर ३ मीटरला एक सेकंद, आणि वेग ६५ च्या वर गेला की आणखी एक. १८ मीटरचा ट्रेलर असेल तर सात सेकंद. त्या जागेत कोणी कार घुसवली तर चिडायचं नाही. पाय उचलायचा आणि अंतर पुन्हा तयार करायचं.

आता ब्रेक. हवेच्या ब्रेकमध्ये पेडल दाबल्यावर हवा पाइपातून चाकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. हा उशीर अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो, म्हणजे ताशी ८० ला गाडी ११ मीटर पुढे जाते आणि त्यानंतर कुठे ब्रेक धरायला लागतो. तुमचा स्वतःचा प्रतिक्रियेचा वेळ यात धरलेलाच नाही. टाकीतला दाब साधारण ८ ते १० बारला पोहोचला की कॉम्प्रेसर हवा भरणं थांबवतो. दाब ४ बारच्या आसपास उतरला की बझर वाजतो किंवा लाल दिवा लागतो. त्याहून बराच खाली गेला तर स्प्रिंग ब्रेक आपोआप लागून गाडी जागीच धरली जाते. बझर वाजल्यावर ‘पुढच्या थांब्यापर्यंत जाऊ’ असा विचार करायचा नाही. जिथे सुरक्षित जागा दिसेल तिथे, हवा शिल्लक आहे तोवर, गाडी बाजूला घ्यायची.

सगळ्यात जास्त तास घाटासाठी राखून ठेवा. उतार सुरू व्हायच्या आधी, माथ्यावरच, वेग कमी करून खालचा गिअर टाकायचा. उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर घ्यायला गेलात तर गिअर बसत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये सुटते आणि इंजिनाचा सगळा आधार जातो. ‘ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने उतरायचं’ हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. आताची इंजिनं ताकदवान आहेत, वरच्या गिअरमध्येही चढून जातात. म्हणून भरलेली गाडी उतरवताना बहुतेक वेळा चढणीच्या गिअरपेक्षाही खालचा लागतो. इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर (पायाच्या ब्रेकशिवाय वेग रोखून धरणारी यंत्रणा) चालू ठेवायचा आणि पायाचा ब्रेक फक्त मदतीला घ्यायचा.

पायाचा ब्रेकही हलका दाबून धरून ठेवायचा नाही. समजा त्या उतारासाठी सुरक्षित वेग ४० ठरवला. गाडी ४० ला पोहोचली की ब्रेक ठामपणे दाबा, तीनेक सेकंदांत ३२ पर्यंत आणा आणि पूर्ण सोडा. पुन्हा ४० झाले की पुन्हा तेच. हलक्या दाबाला सगळ्या चाकांचे ब्रेक सारखे काम करत नाहीत. दोन-तीन चाकंच सगळा भार ओढतात आणि तापतात. ड्रम (चाकातला ब्रेकचा गोल डबा) तापला की फुगतो, लायनरपासून (आतून त्याला घासणाऱ्या ब्रेकच्या पट्टीपासून) लांब जातो, आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी धरत नाही. पाय सारखा वरखाली करत राहिलात तर प्रत्येक वेळी हवा खर्च होते, म्हणून उतरताना हवेच्या काट्यावर नजर असू द्या. न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणं हा प्रकार कोणी शिकवलाच तर तो माणूसच टाळा.

एक अपवाद लक्षात ठेवा: रस्ता ओला, चिखलाचा किंवा बर्फाचा असेल आणि गाडी रिकामी असेल तर इंजिन ब्रेकनेच मागची ओढीची चाकं घसरू शकतात. ट्रेलरच्या बाबतीत तिथूनच ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलर एकमेकांकडे मुडपायला लागतात. अशा वेळी तो बंद ठेवून वेगच आधीपासून कमी ठेवायचा.

वळणावर ट्रेलरची मागची चाकं आतून कापत जातात. ट्रेलर जितका लांब तितकी जास्त. त्यामुळे पुढचा भाग कोपऱ्याच्या बराच पुढे नेऊन मग स्टिअरिंग फिरवायचं आणि आतल्या बाजूच्या आरशात मागची चाकं शेवटपर्यंत बघायची.

रिव्हर्ससाठी रिकामं मैदान आणि चार ड्रम पुरतात. गाडी आधी पूर्ण सरळ करून घ्या. हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात सरकवा, म्हणजे उलटसुलट होणारा गोंधळ संपतो. थोडंच फिरवा, ट्रेलर वळायला लागला की लगेच स्टिअरिंग उलट फिरवून ट्रॅक्टर त्याच्या मागोमाग न्या. शक्य असेल तेव्हा चालकाच्या खिडकीच्या बाजूला वळेल असाच रिव्हर्स निवडा, दुसऱ्या बाजूला काही दिसत नाही. शंका आली की उतरून बघा. दहा वेळा उतरावं लागलं तरी चालेल.

डोळे_आणि_झोप

शरीराबद्दल सांगते. फक्त ‘फिट’ असा शिक्का मिळवण्यापुरती तपासणी करू नका. नोकरी सोडायच्या आधी, प्रशिक्षणाचे पैसे भरायच्या आधी करा. चालकाच्या वैद्यकीय तपासणीत काय निकष लावतात ते परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या आणि तो कागद तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा. रक्तदाबाची गोळी चालू असणं हा सहसा अडथळा नसतो, तो ताब्यात नसणं हा असतो. गोळी लघवी वाढवणारी असेल तर ती घ्यायची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घ्या, नाहीतर दर तासाला थांबावं लागेल आणि मग माणूस पाणी पिणंच कमी करतो. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांनी उठताना-उतरताना रक्तदाब एकदम खाली येतो आणि केबिनच्या पायरीवर चक्कर येऊ शकते. तेही विचारून घ्या.

सर्दीच्या मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामाइनसारखी झोप आणणारी औषधं असतात. चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी घेऊन गाडीवर बसायचं नाही. डॉक्टरांकडे झोप न आणणारा पर्याय मागा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते झोपेत श्वास अडकण्याकडे. मोठ्याने घोरणं, आठ तास झोपूनही सकाळी जड डोकं, दिवसा बसल्या बसल्या डुलकी, वाढलेला रक्तदाब, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर: यातल्या दोन-तीन गोष्टी असतील तर झोपेची चाचणी करून घ्या. हा आजार वयाबरोबर वाढतो आणि सरळ कंटाळवाण्या रस्त्यावर तो जीव घेतो. पण त्यावर उपाय आहे. रात्री मास्क लावून हवेचा दाब देणारं यंत्र वापरलं की बहुतेकांची दिवसाची झोप उतरते, आणि हे यंत्र योग्य कन्व्हर्टर लावून ट्रकच्या बॅटरीवरही चालतं.

चष्म्याचं म्हणाल तर तुमचे तीन अंतरांचे प्रश्न आहेत: रस्ता, डॅशबोर्ड आणि हातातला कागद. प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेतून लांबचं-जवळचं दाखवणाऱ्या) काचांच्या कडांना धूसर दिसतं, आणि ट्रकचे आरसे नेमके कडेलाच असतात. मान वळवून आरसा बघायची सवय लागेपर्यंत आठवडे जातात, म्हणून नवा चष्मा प्रशिक्षणाच्या महिनाभर आधी घ्या. समोरच्या दिव्यांनी पूर्वीपेक्षा जास्त दिपायला होत असेल तर मोतीबिंदूची सुरुवात आहे का ते तपासा. फळ्यावरची अक्षरं वाचता आली म्हणजे रात्रीची नजर ठीक आहे, असं नसतं.

झोपेचं गणित स्पष्ट आहे. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, हे प्रयोगांत दिसलं आहे. पहाटे २ ते ६ आणि दुपारी २ ते ४ या वेळांत शरीर आपसूकच झोपेकडे ओढतं. चार सेकंदांची डुलकी ताशी ८० ला जवळजवळ ९० मीटर अंतर खाते. खिडकी उघडणं, गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं याचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. खरा उपाय एकच: गाडी थांबवून झोपणं. पूर्ण झोप शक्य नसेल तर थांबून कॉफी किंवा चहा घ्या आणि लगेच २० मिनिटं झोपा. कॅफीन लागू व्हायला अर्धा तास जातो, तोवर झोप झालेली असते. उठल्यावर किमान १५ मिनिटं गाडी हलवू नका, त्या वेळात डोकं जागं झालेलं नसतं.

युरोपीय संघात साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे आणि दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० तास, ही मर्यादा आहे. अमेरिकेत सलग १० तास विश्रांती घेऊन कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवता येतं. तुमच्या इथला नियम यापेक्षा सैल असला, तरी पन्नाशीत स्वतःसाठी यातला कडक आकडा धरा.

पाना_बारा

वर सगळं बरोबर सांगितलंय. मी फक्त गाडीभोवतीच्या फेरीबद्दल लिहितो, कारण नवीन माणूस ही फेरी टायरला लाथ मारून संपवतो.

फेरी रोज एकाच क्रमाने करा, म्हणजे काही सुटत नाही. गाडीकडे येताना आधी खाली जमिनीवर बघा: तेल, कूलंट, डिझेल यांचा ताजा डाग आहे का, गाडी एका बाजूला कलली आहे का. इंजिन थंड असताना ऑइल आणि कूलंट. मग एका बाजूने मागे जात दुसऱ्या बाजूने पुढे या.

चाकाचे नट हाताने आणि डोळ्याने तपासा. नटाखालून गंजाची लाल रेघ निघालेली दिसली तर तो नट ढिला आहे असं धरा. चाक बदललं असेल तर ५० ते १०० किमीनंतर थांबून टॉर्क पान्याने नट पुन्हा आवळायचे. हे विसरल्यामुळे चाक निखळून रस्त्यावर पळतं. हबच्या टोपीतून तेल उडून रिमवर आलं असेल तर सील गेलंय, आणि तेच तेल लायनरवर गेलं की त्या चाकाचा ब्रेक संपला.

टायरची हवा थंड असतानाच मोजा. चालून गरम झालेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढली तर थंड झाल्यावर तो कमी हवेचा होतो, बाजूची भिंत जास्त दुमडते, तापते आणि फुटते. जोडचाकांमध्ये दगड अडकलाय का, दोन टायर एकमेकांना घासतात का हे वाकून बघा. आतला टायर बसलेला असला तर बाहेरचा एकटा दोघांचं वजन घेतो, आणि केबिनमध्ये याचा काही पत्ता लागत नाही.

हवेची चाचणी अशी करा. चाकांना ठोकळे लावा. हवेची टाकी पूर्ण भरून इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा. साध्या ट्रकला एका मिनिटात २ पीएसआय आणि ट्रेलर जोडलेल्या गाडीला ३ पीएसआयपेक्षा जास्त हवा उतरता कामा नये. मग पेडल पूर्ण दाबून धरा आणि पुन्हा एक मिनिट मोजा: ट्रकला ३, ट्रेलरला ४. त्यापेक्षा जास्त उतरत असेल तर शांत जागी कान देऊन गळती शोधा, मळलेल्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. त्यानंतर पेडल मारत हवा उतरवत जा आणि ६० पीएसआयच्या (साधारण ४ बार) आधी बझर वाजतो का बघा. शेवटी टाक्यांचे ड्रेन उघडा. ड्रायर (हवेतलं पाणी काढणारा भाग) असला तरी उघडा. पाणी येत असेल तर ड्रायरचं कार्ट्रिज बदलायला झालंय, आणि तेलकट चिकट पाणी येत असेल तर कॉम्प्रेसर दाखवा.

ट्रेलर जोडणं हा वेगळा धडा आहे. ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावा. ट्रेलरची पुढची प्लेट फिफ्थ व्हीलपेक्षा (ट्रॅक्टरवरची, ट्रेलर जिच्यावर टेकतो ती जबड्याची प्लेट) किंचित खाली हवी, म्हणजे ट्रॅक्टर मागे येताना ती वर उचलली जाते. ट्रेलर फार उंच असेल तर किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची खुंटी) जबड्याच्या वरून जातो, फार खाली असेल तर ट्रॅक्टर त्याच्या नाकाला धडकतो. जोडल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून खालच्या गिअरमध्ये पुढे हलका झटका द्या. मग उतरा, बॅटरी घेऊन खाली वाका आणि तीन गोष्टी स्वतः बघा: वरच्या आणि खालच्या प्लेटमध्ये फट नाही, जबडा किंगपिनच्या मानेभोवती मिटलाय, त्याच्या डोक्याभोवती नाही, आणि लॉकचा दांडा पूर्ण आत जाऊन पिन लागलीय. झटक्यात गाडी सुटली नाही म्हणजे जोडणी नक्की झाली असं धरू नका. जबडा अर्धवट मिटलेला असतानाही झटका पास होतो आणि पहिल्या खड्ड्यावर ट्रेलर सुटतो. ट्रेलर उभा ठेवायचे पाय पूर्ण वर घ्या, हँडल अडकवून ठेवा, आणि हवेच्या नळ्या वळताना ताणल्या जात नाहीत ना ते बघा.

आणखी एक, पन्नाशीसाठी खास: केबिनमधून उडी मारू नका. तोंड केबिनकडे ठेवून उतरा, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले. आणि चार तास बसून उतरल्यावर लगेच माल बांधायचे पट्टे ओढायला जाऊ नका. पाच मिनिटं चाला. बसण्याने आणि कंपनाने दमलेली कंबर पहिल्याच ओढीला धरते.

भाडेवही

पहिल्या वर्षाबद्दल माझं मत ठाम आहे: नोकरी. ठरलेला मार्ग, ठरलेली चढ-उतार, बंद कंटेनर किंवा पॅलेटवरचा माल. टँकर पहिल्या वर्षी नको. अर्धवट भरलेल्या टँकरमधलं द्रव ब्रेक मारल्यावर पुढे धावतं आणि वळणावर बाजूला चढतं. आतल्या आडव्या भिंती पुढे-मागेचा धक्का कमी करतात, बाजूचा नाही. उंच माल, स्टीलच्या कॉइल, जनावरं हेही नंतर.

मुलाखतीत पगाराइतकंच हे विचारा: पैसे किलोमीटरवर, फेरीवर की दिवसावर? माल उतरवायला थांबलेल्या तासांचे मिळतात का? सोबत अनुभवी चालक किती आठवडे असेल? ताडपत्री आणि पट्टे कोण ओढणार? झोप आल्यावर गाडी उभी केली तर कार्यालयातून फोन कोणाचा येतो आणि तो काय म्हणतो? शेवटचा प्रश्न तिथल्या चालू चालकांना विचारा, मालकाला नको.

माल बांधण्यात साधा मापदंड असा: बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूला व मागे ०.५ पट बल पेललं पाहिजे. १० टन माल असेल तर पुढे सरकू न देण्यासाठी ८ टनांचं बल. वरून टाकलेला पट्टा मालाला फक्त खाली दाबतो, त्यामुळे गुळगुळीत फळीवर त्याचा उपयोग फार कमी होतो. माल पुढच्या भिंतीला टेकवून ठेवा आणि खाली रबरी चटई घाला, मग कमी पट्ट्यांत काम होतं. पट्ट्याच्या लेबलावर किती ताण चालतो ते छापलेलं असतं. लेबल फाटलं असेल किंवा कडेला काप असेल तर तो पट्टा वापरू नका. निघाल्यावर पहिल्या ८० किमीच्या आत थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा, कारण माल बसतो आणि पट्टे ढिले होतात. त्यानंतर दर तीन तासांनी.

स्वतःच्या गाडीचा विचार करताना नवीन माणूस भरलेले किलोमीटरच मोजतो. सगळे मोजा, रिकामे परतीचेसुद्धा. डिझेल, टायर, सर्व्हिस हे चालेल तसे खर्च. हप्ता, विमा, कर हे गाडी उभी असली तरी चालू. गाडी महिन्यातले सात दिवस उभी राहिली तर हप्ता भरता येईल का, हा हिशेब कागदावर मांडा. वर टायरचा एक पूर्ण संच आणि तीन महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवता येत नसतील तर गाडी घेऊ नका.

नवचालक४९

फार मोलाचं आहे हे सगळं, मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीवर शिकलं तर चालेल का? आणि घाटात ब्रेक तापल्याचा वास आला तर नेमकं काय करायचं?

यार्डमास्तर

काही देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली की परवान्यावर तसं बंधन येतं, म्हणून इथला नियम आधी बघा. पर्याय असेल तर मॅन्युअलवर शिका. रोजच्या कामात ऑटोमॅटिक मिळाली तर गुडघ्याला आणि डोक्याला आरामच आहे. पण घाटात ती स्वतःहून वरचा गिअर टाकू शकते, म्हणून उताराआधी मॅन्युअल मोडवर नेऊन गिअर धरून ठेवायचा. उतरताना न्यूट्रलचं बटण चुकून दाबलं जाणार नाही अशी हाताची सवय लावा.

वास किंवा धूर आला की पुढच्या वळणाची वाट बघू नका. गाडी अजून थांबते आहे तोवरच, जमेल तितक्या सपाट जागी, रहदारीपासून बाजूला थांबवा. पार्किंग ब्रेक लावू नका. तापलेल्या ड्रमवर तो धरून ठेवला तर ब्रेकच खराब होतात आणि ड्रम आकसताना चिरू शकतो. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करा. ठोकळे लागेपर्यंत पायाचा ब्रेक धरून ठेवा, ते दुसऱ्या माणसाने, चाक ज्या दिशेला गडगडेल त्या बाजूला, घट्ट ठोकून लावायचे. ऑटोमॅटिक गाडी असेल तर इंजिन बंद केल्यावर ती गिअरमध्ये राहते की नाही हे त्या मॉडेलच्या पुस्तकातून आधीच बघून ठेवा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही, चाकासमोर उभं राहायचं नाही, कारण उष्णतेने टायर फुटू शकतो. विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा. हाताची पाठ लांबून धरून कोणतं चाक जास्त तापलंय ते बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये, किंवा बाकीचे धरत नसल्याने तो एकटा काम करतोय.

पाना_बारा

यार्डमास्तरांच्या शेवटच्या वाक्याला जोडून: अशा वेळी ऑटो स्लॅक अ‍ॅडजस्टर (लायनर झिजेल तसं ब्रेकमधलं अंतर जुळवणारा भाग) स्वतः पाना घालून आवळू नका. तो आपोआप जुळवून घेणारा भाग आहे. तो ढिला पडतोय याचा अर्थ तो स्वतः किंवा ब्रेकचा दुसरा एखादा भाग खराब झालाय. हाताने आवळल्यावर घाट उतरून जाल, पण दोष आत तसाच राहतो आणि दोनशे किलोमीटरवर ब्रेक पुन्हा ढिला होतो. गाडी वर्कशॉपला न्या आणि त्या एक्सलची दोन्ही चाकं उघडायला लावा.